डांबर पिंपात का भरतात?

रस्त्याचे काम कोठेही निघाले की खडीच्या ढिगाशेजारी काळी, पोचे आलेली पोलादी पिंपे ओळीने मांडलेली आपणा सर्वांच्या दृष्टीस पडतात. काम संपते, रोलर निघून जातो, आणि रिकाम्या पिंपांचे पत्रे कोणाच्या कुंपणाला तर कोणाच्या गोठ्याच्या छपराला लागतात. वस्तू इतकी परिचयाची, की तिच्याविषयी एक साधा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. थंडीच्या दिवसांत डांबर हातोडीच्या घावाने तडकते, इतके ते घट्ट असते. मग विटांप्रमाणे त्याचे ठोकळे करून ते गाडीत का रचीत नाहीत? बरे, तापविल्यावर ते पातळ होते म्हणावे, तर तेलाप्रमाणे टाकीतूनच सर्वत्र का पोहोचवीत नाहीत? पिंपाची ही तिसरी वाट कशासाठी? श्रोतेहो, या प्रश्नाच्या उत्तरात थोडे पदार्थविज्ञान आहे, थोडा व्यापार आहे, आणि रस्त्यावर राबणाऱ्या माणसांच्या जिवाशी निगडित असा एक भागही आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. मराठीत 'डांबर' हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या पदार्थांना लावतो. दगडी कोळसा हवा न लागू देता तापविला असता जो उग्र वासाचा काळा द्रव निघतो, ते कोळशाचे डांबर. रस्त्यावर आज वापरतात ते मात्र खनिज तेलाचे डांबर असून तज्ज्ञ मंडळी त्यास बिटुमेन म्हणतात. कच्चे तेल तापवून त्यातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळे काढतात. उरलेला जड भाग हवेचा दाब कमी केलेल्या उंच पात्रात पुन्हा ऊर्ध्वपातित करतात. त्याच्या तळाशी जे सर्वांत जड असे शिल्लक राहते, ते हे डांबर. निसर्गातही ते काही ठिकाणी आयते सापडते. मोहेंजोदडो येथील मोठ्या स्नानकुंडाच्या बांधकामात पाणी झिरपू नये म्हणून त्याचा थर दिलेला आढळला आहे. आज आपणास ते पुरविणाऱ्या ठिकाणांत मुंबईतील ट्रॉम्बे, जेथे पहिला तेलशुद्धी कारखाना १९५४ साली सुरू झाला, बडोद्यानजीकचे कोयली, जेथील कारखाना १९६५ सालचा, तसेच विशाखापट्टणम व मंगळूर यांचा समावेश होतो. देशातील उत्पादन गरजेस पुरत नसल्यामुळे अलीकडच्या वर्षांत आखाती देशांतूनही डांबर येते, आणि त्यातील बराच भाग पिंपांतूनच येतो.

आता या पदार्थाचा स्वभाव पाहू. तूप थंडीत थिजते आणि उन्हात वितळते. त्याचे घट्ट व पातळ असे दोन स्पष्ट अवतार आहेत. डांबराचे तसे नाही. अमुक उष्णतामानास ते वितळले असे म्हणण्याजोगी रेषाच त्याच्या ठायी नाही. उष्णतामान वाढेल तसतसे ते क्रमाक्रमाने मऊ, दाट आणि शेवटी पातळ होत जाते. फार काय, जेव्हा ते आपणास पूर्ण घट्ट वाटते तेव्हाही ते अत्यंत सावकाश वाहतच असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात टॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ साली डांबराच्याच जातीचा 'पिच' नावाचा पदार्थ तापवून एका काचेच्या नरसाळ्यात ओतला. तीन वर्षे तो बसू दिला आणि १९३० साली नरसाळ्याचे तोंड मोकळे केले. हा पदार्थ हातोडीने फोडता येतो. पण त्या नरसाळ्यातून २०१४ पर्यंत त्याचे नऊ थेंब खाली आले.

यावरून ठोकळ्यांची कल्पना व्यवहारात का टिकत नाही हे सहज ध्यानी येईल. गुऱ्हाळात उकळलेला रस साच्यात ओतून गुळाची ढेप तयार करतात, साचा काढून घेतात आणि ढेप बाजाराला जाते. डांबराची अशी ढेप केली, तर वैशाखातल्या उन्हात ती गाडीतच पसरेल आणि दोन ढेपांची एक होऊन बसेल. रस्त्यासाठी नेहमी वापरण्यात येणाऱ्या 'व्ही. जी. ३०' या प्रतीचे डांबर किमान ४७ अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडू नये, अशी भारतीय मानकाची अट आहे. पण उन्हात तापलेला काळा पत्रा याहून कितीतरी अधिक गरम होतो. म्हणून डांबराच्या बाबतीत साचा काढून घेता येत नाही. साच्यासकट ढेप पाठवावी लागते. डांबराचे पिंप म्हणजे ढेपेबरोबर प्रवास करणारा साचाच होय.

दुसरा मार्ग टाकीचा. उष्णता बाहेर जाऊ न देणारे जाड वेष्टन असलेल्या टँकरमधून डांबर गरमच नेतात. जेथे मोठा रस्ता होत आहे, खडी व डांबर एकत्र कालवणारे यंत्र उभे आहे, आणि टँकर आल्याबरोबर रिकामा करून घेण्यास तापविण्याची सोय असलेली साठवणटाकी तयार आहे, तेथे हीच पद्धत स्वस्त आणि सोयीची. मोठ्या महामार्गांचे काम असेच चालते. परंतु टँकरला थांबणे परवडत नाही. दरड कोसळून घाट बंद झाला, यंत्र बिघडले, अवकाळी पाऊस आला, की आतील डांबर निवू लागते, आणि निवलेले डांबर टाकीतून बाहेर येत नाही.

लहान कामाची गोष्ट निराळी. पावणेचार मीटर रुंदीच्या ग्रामीण रस्त्यावर वीस मिलिमीटर जाडीचा डांबरी थर द्यावयाचा असेल, तर दर दहा चौरस मीटरला सुमारे साडेचौदा किलो डांबर लागते. म्हणजे एका किलोमीटरला साडेपाच टनांच्या आसपास. आपल्याकडील एका पिंपात साधारण १५५ किलो डांबर धरले, तर पस्तीस-छत्तीस पिंपांत एक किलोमीटरचा हा थर पुरा होतो. त्यातही आज दोनशे मीटर, चार दिवसांनी आणखी तीनशे, अशी कामाची गती. एवढ्यासाठी टँकर मागवून तो तापता ठेवणे कोणासही परवडणार नाही. पिंपे मात्र साध्या मोटारट्रकमधून येतात, कडेला उतरविता येतात आणि आठवडा-पंधरवडा वाट पाहू शकतात. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटातील डागडुजी असो, की हिमालयातील सीमेवरचा रस्ता असो, जेथे गरम टँकर वेळेवर पोहोचण्याची खात्री नाही, तेथे पिंपाला पर्याय सापडणे कठीण जाते. परदेशातून येणाऱ्या डांबराचेही तेच. वीस फुटी कंटेनरमध्ये १८० किलोची सुमारे ११० पिंपे मावतात, आणि जवळजवळ वीस टन डांबर कोणत्याही खास जहाजावाचून समुद्र ओलांडते.

पूर्वी अशा वस्तू लाकडी पिंपांतून जात. लाकडी फळ्या सुकल्या की सांधे गळत. अमेरिकेत १९०५ साली हेन्री वेर्‌हान यांनी पोलादी पिंपाच्या रचनेचे हक्क नोंदविले, आणि नेली ब्लाय या सुप्रसिद्ध वृत्तपत्रलेखिका ज्या कारखान्याच्या चालक होत्या, त्या कारखान्याने अशी पिंपे बाजारात आणली. तेलाचे पिंप पुन्हा पुन्हा भरावयाचे असल्याने जाड पत्र्याचे करतात. डांबराचे पिंप बहुधा एकदाच वापरावयाचे असते, म्हणून त्याचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुष्कळच पातळ असतो. अशा पातळ पत्र्याला बळ येते ते त्याच्या अंगावरील गोल वळ्यांमुळे. सपाट कागद उभा राहत नाही, पण त्याच्या चुण्या केल्या की तो भार सोसतो; तोच प्रकार येथे. तळ व अंग यांच्या कडा एकमेकींत दुमडून घट्ट दाबलेल्या असतात, कारण सांध्याला सुईएवढे छिद्र राहिले तरी गरम डांबर तेवढ्यातून वाट काढते.

पिंप भरण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. कारखान्यातील डांबर वाहते राहील इतके गरम असावे लागते; पण फाजील गरम असेल तर पातळ पत्र्याचे सांधे वाकडे होतात. शिवाय निवताना डांबर आकसते. १५० अंशांवरून ३० अंशांवर येताना त्याचे आकारमान शेकडा सातच्या आसपास घटते. म्हणून तोंडापर्यंत भरलेले पिंप दुसऱ्या दिवशी वर थोडे रिकामे दिसते. यात कोणी माप मारलेले नसते. म्हणूनच डांबराचा व्यवहार पिंपाच्या उंचीवर न होता वजनावर होतो. भरलेले पिंप निवण्यास एक-दोन दिवस लागतात. त्याआधी ती एकावर एक रचली, तर खालची चेपतात.

भरण्यापूर्वी पिंप आतून कोरडे असले पाहिजे, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. पाण्याची वाफ झाली असता ती मूळ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा व्यापते. दीडशे अंशांच्या डांबराखाली वाटीभर पाणी सापडले, तर ते क्षणात वाफ होऊन वरच्या डांबराला फेसासारखे उसळविते. ऊतू जाणारे दूध आपण सर्वांनी पाहिले आहे. येथे उतू जाते ते अंगाला चिकटून बसणारे डांबर असते. कारखान्यात ही दक्षता घेतली जाते. परंतु हाच धोका पुढे रस्त्याच्या कडेला पुन्हा उभा राहतो, आणि तेथे त्याची दखल घेणारा कोणी असेलच असे नाही.

गोवा, कोकण आणि घाटमाथा या भागांत मृगाचा पाऊस सुरू झाला की डांबराची कामे थांबतात. उरलेली पिंपे तशीच उघड्यावर चार महिने पाऊस झेलतात. उभ्या पिंपाच्या झाकणावर पाणी साचते, कडेचा पत्रा गंजतो, आणि पाणी आत उतरते. डांबर पाण्यात विरघळत नाही, म्हणून डांबर बिघडत नाही. पण पुढच्या कार्तिकात तेच पिंप विस्तवावर चढते, तेव्हा आतील पाणी आपला गुण दाखविते. यावर उपाय साधा आहे. पिंपे फळ्यांवर, जमिनीपासून उचलून ठेवावी. वर ताडपत्री घालावी. तेही न जमल्यास निदान ती किंचित कलती ठेवावी, म्हणजे झाकणावर पाणी राहणार नाही. उन्हाळ्यात ती सावलीत असावी, फार उंच रचू नयेत, आणि प्रत कोणती व भरण्याचा दिनांक कोणता हे सांगणारी पिंपावरची अक्षरे वाचता येतील अशी ठेवावी. दहा अंकी मऊ प्रत आणि चाळीस अंकी कठीण प्रत, दोन्ही दिसावयास सारखीच काळी असतात.

येथवर आपण पिंपाच्या सोयी पाहिल्या. आता त्या सोयीची किंमत कोण देतो ते पाहू. कारखान्यात डांबर गरम होते. पिंपात ते निवले. आणि खडीवर घालण्यापूर्वी ते पुन्हा १५०-१६५ अंशांपर्यंत तापविलेच पाहिजे. डांबर तापण्यास तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या सुमारे निम्मी उष्णता लागते. म्हणजे एका पिंपातील डांबर ३० अंशांवरून १६० अंशांवर नेण्यास सुमारे दहा हजार किलोकॅलरी उष्णता हवी. एवढ्या उष्णतेत १४० लिटर पाण्याला उकळी येईल. वाळलेल्या लाकडाच्या हिशेबाने ही केवळ तीन किलो लाकडातील उष्णता झाली; परंतु उघड्या चुलीवरील बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते, म्हणून प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट सरपण जळते. टँकरच्या बाबतीत हे काम कारखाना व यंत्रे करतात. पिंपाच्या बाबतीत ते रस्त्याच्या कडेचा मजूर करतो. पिंपाबरोबर कारखान्याचा एक भागच जणू रस्त्यावर येतो. मात्र कारखान्यातील उष्णतामापक, हातमोजे, बूट आणि देखरेख ही त्याच्याबरोबर येतातच असे नाही.

आणि डांबर तापविणे हे काम तर मोठे नाजूक आहे. डांबरातून उष्णता फार हळू पसरते. खालून जाळ लावला की तळाचे डांबर पातळ होऊन फुगू लागते आणि वरचे घट्टच राहते. फुगणाऱ्या डांबराला वाट मिळाली नाही, तर ते एकाएकी उसळी मारते. म्हणून तोंड पूर्ण मोकळे करून, पिंप आडवे वा कलते ठेवून, वितळलेले डांबर वाहून जाण्यास वाट राहील अशा बेताने ते तापविले पाहिजे. डांबर १७०-१८० अंशांच्या वर गेले, तर त्यातील हलकी तेले उडून जातात, हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते कडक होते, आणि अशा डांबराचा रस्ता लवकर तडकतो. कमी तापले तर ते खडीच्या प्रत्येक दाण्याला माखत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात खडी सुटते. धुराच्या रंगावरून अंदाज बांधणारा अनुभवी माणूसही येथे फसतो. उष्णतामापक फसत नाही. आपण ज्या खड्ड्यांविषयी कंत्राटदाराला दोष देतो, त्यांपैकी काही खड्डे पिंप तापविताना उष्णतामापक नसल्याने पडलेले असतात.

मजुराच्या दृष्टीने पाहिल्यास धोके तीन आहेत. पहिला भाजण्याचा. उकळत्या पाण्याने भाजते आणि पाणी ओघळून जाते; डांबर चिकटून राहते व आपली उष्णता कातडीत सोडीत राहते. असा प्रसंग आल्यास त्या भागावर तत्काळ भरपूर थंड पाणी ओतावे आणि डांबर निवू द्यावे. ते ओढून काढू नये, कारण त्याबरोबर कातडीही निघते. रॉकेल किंवा डिझेल लावून ते पुसू नये. रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे आणि डांबर काढण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे. बोटाभोवती किंवा मनगटाभोवती डांबराचे कडे बसले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निवताना ते आवळते व रक्त थांबवू शकते. दुसरा धोका आगीचा. डांबराने पेट घेतल्यास त्यावर पाणी टाकू नये; वाळू किंवा झाकण हाच उपाय. तिसरा धुराचा. कोळशाच्या डांबराचा धूर कर्करोगास कारण होतो, हे सिद्ध झालेले आहे. रस्त्याच्या बिटुमेनचे तितके निश्चित नाही. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रस्त्याच्या कामातील या धुराची गणना 'कदाचित कर्करोगकारक' अशा वर्गात केली आहे. म्हणून माणसांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहणे, आणि डांबर विनाकारण फार न तापविणे, एवढे तरी पाळले पाहिजे.

सुधारणा शक्य नाहीत असे मुळीच नाही. बंद पेटीत पिंपे उलटी ठेवून, भोवतीच्या नळ्यांतून गरम तेल फिरवून डांबर वितळविणारी यंत्रे उपलब्ध आहेत. त्यात ज्योत डांबराला शिवत नाही आणि पिंपाच्या अंगाला राहणारे डांबरही पुष्कळसे सुटून येते. हे नुकसानही लहान नाही. अर्धा मीटर रुंद व नव्वद सेंटिमीटर उंच पिंपाला आतून केवळ एक मिलिमीटरचा थर चिकटून राहिला, तरी दीड किलोवर डांबर वाया जाते. दुसरी वाट इमल्शनची. यात डांबराचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. हे मिश्रण पिंपात भरलेले असले तरी पातळच असते आणि बऱ्याच कामांत ते न तापविता, अथवा किंचित कोमट करून वापरता येते. डागडुजीच्या लहानसहान कामांत ते जितके रूढ होईल, तितका चुलीचा आणि धुराचा जाच कमी होईल.

शेवटी रिकाम्या पिंपाविषयी. आपल्याकडे कोणतीही वस्तू टाकून देण्याची रीत नाही, ही चांगली गोष्ट आहे. परंतु आत तेलाचा अंश राहिलेले बंद पिंप वेल्डिंगच्या ज्योतीने कापू नये, कारण आतील वाफा पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यासाठी तर ते कधीच वापरू नये. पत्रा सरळ करून कुंपणाला लावणे, किंवा भंगारवाल्यामार्फत पुन्हा पोलादाच्या भट्टीकडे पाठविणे, हेच बरे.

श्रोतेहो, आपल्या गावच्या रस्त्याला डांबर घालणे सुरू होईल, तेव्हा नव्या थराची जाडी आपण अवश्य पाहावी; तो आपल्या पैशाचा प्रश्न आहे. पण त्याबरोबर आणखी चार गोष्टीही पाहाव्यात. पिंपे पावसापासून झाकलेली आहेत काय? तापविणाऱ्याच्या हाती उष्णतामापक आहे काय? त्याच्या पायांत बूट आणि हातांत मोजे आहेत काय? आणि जवळ थंड पाण्याने भरलेले एक स्वच्छ पिंप ठेवलेले आहे काय? काम करून घेणाऱ्या अधिकाऱ्याला हे चार प्रश्न नम्रपणे विचारण्यास कोणत्याही नागरिकाला आडकाठी नाही. कारखान्याने आपल्याकडील उष्णता काढून घेऊन डांबर आपल्या दारी पाठविले; ती उष्णता पुन्हा देताना कोणाचा हात भाजू नये, एवढी काळजी घेणे हे रस्ता वापरणाऱ्या आपणा सर्वांचेही काम आहे.